नदीपलीकडचा थांबा

केल हे ऱ्हाईनच्या काठावरचं जर्मनीचं शेवटचं स्टेशन. बाहेर पडलं की ट्रामचा थांबा लागतो. तिथून निघालेली 'डी' मार्गाची ट्राम पुलावर चढते, खालून मालवाहू नौका जात असतात, आणि पुढचा थांबा येतो तो फ्रान्समधला. शनिवारी या ट्राममध्ये गर्दी असते. जर्मन आजी-आजोबा स्ट्रासबर्गच्या बाजाराला निघालेले असतात. समोरून येणाऱ्या ट्राममध्ये फ्रेंच कुटुंबं असतात, कारण कपडे धुण्याची पावडर, बाळाचे डायपर, तंबाखू या गोष्टी केलला स्वस्त पडतात. पूल आला म्हणून कोणी मान वर करत नाही. काचेला नाक लावून पाहणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

कार्ल्सरूहला शिकणाऱ्या भारतीय मुलामुलींची ही ठरलेली सहल आहे. सकाळच्या गाडीने ऑफेनबुर्ग, तिथे गाडी बदलून केल, मग ट्राम. संध्याकाळी त्याच वाटेने परत. माझ्याबरोबर वसतिगृहातली मैत्रीण होती, साताऱ्याची. मी रामटेकची. पिशवीत पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि दोघींचे पासपोर्ट. जर्मनीचं वास्तव्याचं कार्ड असलं की फ्रान्सचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट जवळ हवाच. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, आणि परतीच्या वाटेवर पोलीस कागद मागू शकतात. मुंबईत व्हिसासाठी बँकेच्या कागदांची जाडजूड फाइल उराशी धरून ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना देशाची हद्द ट्रामच्या एका तिकिटात ओलांडली जाते हे पाहताना छाती भरून येते. मला तरी आली.

ही ट्राम जुनी नाही. एप्रिल २०१७ मध्ये ती केलच्या स्टेशनापर्यंत आली आणि २०१८ मध्ये पुढे नगरपालिकेपर्यंत गेली. त्याआधीची गोष्ट वेगळी आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये फ्रेंच सैन्य स्ट्रासबर्गमध्ये शिरलं तेव्हा केलची माणसं घरं सोडून निघाली, आणि युद्ध संपल्यावरही त्यांना परतता आलं नाही. ते गाव फ्रान्सच्या ताब्यात राहिलं आणि टप्प्याटप्प्याने परत दिलं गेलं. शेवटचा भाग १९५३ मध्ये जर्मनीकडे आला. आठ-नऊ वर्षं आपलं घर नदीकाठी उभं आहे आणि आपण त्यात जाऊ शकत नाही, अशी स्थिती भोगलेली पिढी या गावात होऊन गेली. मग मार्च २०२० मध्ये करोनाने पुन्हा हद्द बंद केली. ट्राम नदी ओलांडेनाशी झाली, आणि हद्द पूर्ववत खुली होण्यासाठी दोन्ही काठांना जून महिन्याच्या मध्यापर्यंत वाट पाहावी लागली. हे लक्षात घेतलं की त्या पुलावरची निष्काळजी गर्दी फार मोलाची वाटू लागते.

आम्ही फ्रान्समधल्या पहिल्याच थांब्यावर उतरलो आणि नदीकडे मागे चालत गेलो. तिथे मार्क मिमराम या वास्तुविशारदाने बांधलेला पादचारी पूल आहे, २००४ सालचा. दोन्ही काठांवरून निघालेल्या वाटा नदीच्या मधोमध एका प्रशस्त सज्ज्यावर भेटतात. लोक तिथे थांबतात, मुलांना नौका दाखवतात. जवळच दोन्ही देशांच्या मुलांसाठी एकत्र चालवलेलं पाळणाघर आहे. २०१४ पासून फ्रेंच आणि जर्मन घरांतली बाळं तिथे एका छपराखाली वाढतात. या पाळणाघराबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पूल एकदा बांधला की उभा राहतो. पाळणाघर रोज सकाळी उघडावं लागतं आणि दोन देशांचे नियम, दोन देशांचे पगार, दोन भाषांतल्या बाई यांचा मेळ रोज घालावा लागतो.

शहरात शिरल्यावर कॅथेड्रल कुठूनही दिसतं. व्होज डोंगरातला गुलाबी वालुकाश्म, १४२ मीटर उंच मनोरा, आणि तोही एकच. दक्षिणेकडचा मनोरा कधी बांधलाच गेला नाही, त्यामुळे दर्शनी भाग एका खांद्याने उचललेला वाटतो. मनोरा १४३९ मध्ये पूर्ण झाला, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८७४ पर्यंत जगातली सर्वांत उंच वास्तू हीच होती. १७७० मध्ये जर्मन कवी गटे इथे कायद्याचा विद्यार्थी म्हणून आला. त्याला उंचीची भीती वाटे, आणि ती घालवण्यासाठी तो मुद्दाम या मनोऱ्यावर चढत असे. तीनशे बत्तीस पायऱ्या चढून आम्ही ६६ मीटरवरच्या गच्चीवर पोचलो तेव्हा मैत्रिणीने कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, आणि तिला गटेची ही हकिगत सांगितल्यावर तिने एक हात सोडला.

वरून सगळा भूगोल उलगडतो. पश्चिमेला व्होजची निळी रांग, पूर्वेला जर्मनीचं काळं अरण्य, मध्ये सपाट सुपीक खोरं. ऱ्हाईन शहरातून वाहत नाही, थोडी दूर आहे. शहराला वेढा घालते ती इल नावाची छोटी नदी. नकाशात ऱ्हाईन ही दोन देशांमधली नैसर्गिक रेघ वाटते. गच्चीवरून पाहिलं तर दोन्ही काठांवर तीच शेतं, तीच उतरत्या छपरांची गावं. सन १६८१ पर्यंत हे पवित्र रोमन साम्राज्यातलं स्वतंत्र नगर होतं. त्या वर्षी चौदाव्या लुईच्या सैन्याने ते घेतलं. १८७१ मध्ये ते जर्मनीकडे गेलं, १९१८ मध्ये फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे, आणि २३ नोव्हेंबर १९४४ रोजी पुन्हा फ्रान्सकडे. १८७० मध्ये जन्मलेली एखादी बाई पंचाहत्तर वर्षं जगली असेल, तर एकाच घरात राहून तिचा देश चार वेळा बदलला.

या मनोऱ्यानेही हे सगळे फेरे पाहिले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या ऐन भरात उंच शिखर म्हणजे समतेचा अपमान म्हणून ते पाडायची मागणी झाली, तेव्हा त्यावर पत्र्याची भलीमोठी लाल क्रांतिटोपी चढवून ते वाचवण्यात आलं. शेकडो पुतळे मात्र फोडले गेले. मार्च १९४१ मध्ये लिबियाच्या वाळवंटात, कुफ्रा इथे, लक्लेर या फ्रेंच सेनानीने आपल्या माणसांकडून शपथ घेतली की स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलवर आपला झेंडा फडकेपर्यंत शस्त्र खाली ठेवायचं नाही. पावणेचार वर्षांनी त्याच्याच तुकडीने तो झेंडा लावला.

साडेबाराला कॅथेड्रलच्या आत खगोलीय घड्याळासमोर लोक जमतात. ख्रिस्ताच्या पुतळ्यापुढून बारा शिष्य एकेक करून जातात, वरचा कोंबडा पंख फडफडवून तीनदा आरवतो. मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी असल्याने माझे डोळे खालच्या भागावर खिळले होते. आधीचं घड्याळ १७८८ च्या सुमारास बंद पडलं होतं. याच शहरात जन्मलेल्या श्विल्गे यांनी १८३८ ते १८४३ या काळात सोळाव्या शतकाच्या जुन्या कपाटात संपूर्ण नवी यंत्रणा बसवली. ईस्टरचा सण कोणत्या तारखेला येणार हे चंद्रावर, वारावर आणि लीप वर्षांवर अवलंबून असतं. आपल्याकडे पंचांगकर्ते जे गणित करतात त्याच जातीचं हे काम. श्विल्गेंचं यंत्र ते केवळ दातेरी चाकांनी करतं, आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री पुढच्या वर्षाची तारीख आपोआप ठरवतं. संपातबिंदूंच्या सरकण्याचंही चाक त्यात आहे, ज्याचा एक फेरा पुरा व्हायला पंचवीस हजारांहून जास्त वर्षं लागतात. घड्याळ इथली स्थानिक सौरवेळ पाळतं, म्हणून त्याची दुपार आपल्या मनगटावरच्या साडेबाराला होते. राज्यं बदलली, अधिकृत वेळाही बदलल्या, घड्याळ मात्र या जागेच्या आकाशाला धरून राहिलं.

डबा आम्ही इलच्या काठावर उघडला. मैत्रीण शाकाहारी, त्यामुळे इथला प्रसिद्ध फ्लामक्युश, म्हणजे पातळ लाटलेल्या भाकरीवर साय आणि कांदा पसरून भट्टीत भाजलेला पदार्थ, डुकराचं मांस न घालता मागवला आणि पोळीभाजीबरोबर खाल्ला. छान लागतो. 'छोटा फ्रान्स' नावाची कातडी कमावणाऱ्यांची जुनी वस्ती, लाकडी चौकटींची घरं, छायाचित्रं काढणाऱ्यांची झुंबड, हे सगळं आहेच. पण ते चित्रात जसं दिसतं तसंच आहे, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

या शहराचा इतिहास शोधायचा तर तो भाषेत आणि छापखान्यात सापडतो. १४ फेब्रुवारी ८४२ या दिवशी शार्लमेनचे दोन नातू, चार्ल्स आणि लुई, थोरल्या भावाविरुद्ध एकमेकांना साथ देण्यासाठी इथे भेटले. लुईने शपथ घेतली ती चार्ल्सच्या सैनिकांना कळावी म्हणून त्यांच्या रोमान्स बोलीत, आणि चार्ल्सने लुईच्या सैनिकांच्या जर्मन बोलीत. फ्रेंच भाषेचा सर्वांत जुना लिखित नमुना म्हणून आज जे वाचलं जातं ते हेच शपथपत्र. त्याच तारखेला, १३४९ साली, प्लेगच्या भीतीत शहराने आपल्याच ज्यूंना जिवंत जाळलं. दोन्ही गोष्टी या शहराच्या आहेत, आणि पहिली सांगताना दुसरी गाळू नये. पंधराव्या शतकात गुटेनबर्गने जवळजवळ दहा वर्षं इथे काढली. त्याच्या नावाच्या चौकात त्याचा पुतळा आहे. आणि १६०५ मध्ये योहान कारोलुसने इथूनच जगातलं पहिलं छापील वृत्तपत्र काढलं.

आम्हाला खरं जायचं होतं ते प्लास द ला रिपब्लिकला. जर्मन काळात याचं नाव कैसरचा चौक होतं. चौकाच्या एका बाजूला कैसरसाठी बांधलेला राजवाडा, समोर घुमटाचं राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालय, आणि मधल्या बागेत १९३६ मध्ये उभारलेलं युद्धस्मारक. एक आई, तिच्या मांडीवर दोन मरणारे मुलगे. दोघांच्या अंगावर कोणताही गणवेश नाही. फ्रान्सच्या जवळजवळ प्रत्येक गावात युद्धस्मारक असतं आणि त्यांतल्या अनेकांवर मायभूमीसाठी प्राण दिल्याचं लिहिलेलं असतं. इथे फक्त 'आमच्या मृतांस' एवढंच कोरलं आहे. पहिल्या महायुद्धात इथली मुलं जर्मन गणवेशात लढली होती, आणि फ्रान्सच्या राज्यात त्यांचं स्मारक उभारायचं होतं. मायभूमी हा शब्द कोरायचा तर कोणत्या देशाच्या अर्थाने?

स्मारक उभं राहून चार वर्षं झाली आणि नाझी आले. ऑगस्ट १९४२ पासून आल्सास, म्हणजे स्ट्रासबर्गचा प्रांत, आणि शेजारच्या मोझेल भागातल्या सुमारे एक लाख तीस हजार तरुणांना जबरदस्तीने जर्मन सैन्यात भरती केलं गेलं. पळून जाणाऱ्यांच्या कुटुंबांना देशोधडीला लावलं जाई. बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर पाठवलं; सुमारे चाळीस हजार परत आलेच नाहीत. 'मनाविरुद्ध गेलेले' म्हणून त्यांना ओळखतात. जे परतले त्यांच्याकडे उरलेल्या फ्रान्सने अनेक वर्षं संशयाने पाहिलं. जून १९४४ मध्ये फ्रान्समधल्याच ओरादूर गावात जर्मन एसएस सैनिकांनी सहाशेहून अधिक गावकरी मारले. त्या तुकडीत आल्सासचे सक्तीने भरती झालेले तरुणही होते. १९५३ मध्ये बोर्दोत खटला चालला, त्यांना शिक्षा झाली आणि लगेच संसदेने माफी दिली. ओरादूरला ती माफी सहन झाली नाही, आल्सासला शिक्षा सहन झाली नव्हती. सीमेवरच्या शहराला लोक सहज 'दोन संस्कृतींचा संगम' म्हणतात. त्या आईपुढे उभं राहून हे शब्द मला तोंडातून काढवले नाहीत.

आता त्या ग्रंथालयाची गोष्ट, जिच्यासाठी मी मुळात आले होते. १८७० च्या युद्धात जर्मन सैन्याने शहराला वेढा घालून तोफा डागल्या. २४ ऑगस्टच्या रात्री शहराचं जुनं ग्रंथालय जळालं, लाखो ग्रंथांसह. बाराव्या शतकात हेराड या मठाधिपती स्त्रीने रचलेला चित्रमय ज्ञानकोश, हॉर्टस डेलिसियारुम, त्यात गेला. आधी कोणी काढून ठेवलेल्या नकलांवरून तो आज थोडाफार कळतो. शहर जिंकल्यावर जर्मनांनी आवाहन करून जगभरातून पुस्तकं मागवली आणि नवं ग्रंथालय उभारलं. १८७२ मध्ये नवं विद्यापीठही स्थापन केलं. हेतू उघड होता: जर्मन विद्येचा दिमाख या नव्या प्रांताला आणि फ्रान्सला दाखवायचा. त्यासाठी पैसा ओतला, उत्तम प्राध्यापक आणले. आणि त्या प्राध्यापकांत संस्कृत आणि प्राकृताचे अभ्यासक होते.

झिगफ्रीड गोल्डश्मिट त्यांतले एक. त्यांनी १८८० मध्ये इथे 'सेतुबंध' संपादून छापायला सुरुवात केली. 'सेतुबंध' म्हणजे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या नावावरचं महाराष्ट्री प्राकृतातलं महाकाव्य, रामाने समुद्रावर पूल बांधून लंका जिंकल्याची कथा. वाकाटकांची नगरी म्हणून ओळखलं जाणारं मनसर आमच्या रामटेकपासून हाकेच्या अंतरावर आहे. शाळेत असताना तिथल्या उत्खननाच्या जागी आम्ही सहलीला जायचो. पाचव्या शतकात विदर्भात रचलेलं काव्य एकोणिसाव्या शतकात ऱ्हाईनच्या काठी छापलं जातं, हे मला जर्मनीत आल्यावर कळलं, आणि कळल्यावर स्वस्थ बसवेना.

पुढची गोष्ट आणखी जवळची. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवून युरोपात परतलेल्या गेओर्ग ब्यूलर यांनी भारतीय विद्येचा एक सर्वसमावेशक कोश योजला. प्रत्येक विषय त्या त्या विद्वानाने लिहायचा, आणि छापणारा प्रकाशक स्ट्रासबर्गचा कार्ल ट्र्यूबनर. १८९८ मध्ये ब्यूलर बोडन्से सरोवरात बुडून गेले. मग संपादनाची जबाबदारी घेतली ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अनेक वर्षं शिकवलेल्या कीलहॉर्न यांनी. म्हणजे या प्रकल्पाचे पहिले दोन्ही संपादक मुंबई-पुण्यात घडलेले. याच मालेत १९०० मध्ये जर्मन पंडित पिशेल यांचं प्राकृत भाषांचं व्याकरण आलं. मराठीच्या जुन्या रूपांचा शोध घेणाऱ्याला आजही ते उघडावं लागतं. आणि १९१३ मध्ये आला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा वैष्णव, शैव आणि इतर पंथांवरचा इंग्रजी ग्रंथ. भांडारकर तेव्हा शहात्तरीच्या घरात होते. वासुदेवभक्तीच्या शिलालेखांपासून निघालेला त्यांचा शोध मराठी मुलखात येतो, पंढरपूरच्या विठोबाकडे, नामदेव आणि तुकाराम यांच्याकडे. युरोपातल्या अभ्यासकांना तुकोबांची भक्ती एका मराठी पंडिताने समजावून सांगितली ती या शहरातल्या प्रकाशकाच्या वाटेने.

ग्रंथालय आता फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी आहे. घुमटाखालच्या नव्या जिन्यापाशी बसून मी मोबाइलवर त्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तळाशी स्ट्रासबर्ग, ट्र्यूबनर, १९१३. मैत्रिणीच्या घरी वारी आहे, तिचे आजोबा दरवर्षी आषाढीला पायी जातात. तिने ते पान बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "वर्षभरात युद्ध सुरू झालं ना?" झालं. पुस्तकानंतर पाच वर्षांनी शहर फ्रान्सकडे गेलं, जर्मन प्राध्यापकांना जावं लागलं. जैन ग्रंथांचे थोर अभ्यासक लॉयमान इथे तीस वर्षांहून अधिक काळ शिकवून फ्रायबुर्गला गेले. ट्र्यूबनरचं प्रकाशन बर्लिनच्या नव्या संस्थेत विलीन झालं.

मला ही गोष्ट अभिमानाने सांगायची आहे, आणि तिची किंमतही सांगायची आहे. आपल्या भाषेच्या आणि संतांच्या अभ्यासाला ज्या शहराने हात दिला, तिथलं विद्यापीठ एका जळालेल्या ग्रंथालयाच्या राखेवर, जिंकलेल्या लोकांपुढे मिरवण्यासाठी उभारलं गेलं होतं. गोल्डश्मिट किंवा पिशेल यांच्या विद्वत्तेला त्याने बट्टा लागत नाही. पण प्राकृताच्या त्या व्याकरणाला हात लावणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने बागेतल्या त्या आईलाही ओळखावं, असं मला वाटतं.

उरलेल्या दुपारी 'ई' मार्गाच्या ट्रामने आम्ही युरोपीय संस्थांच्या भागात गेलो. युद्धानंतर १९४९ मध्ये युरोप परिषदेचं ठाणं मुद्दाम याच शहरात ठेवलं गेलं, कारण दोन शत्रूंमधला सलोखा दाखवायला याहून योग्य जागा नव्हती. युरोपीय संसदेची काचेची इमारत नदीच्या वळणावर आहे. महिन्यातून काही दिवस खासदार ब्रसेल्सहून सामानसुमान घेऊन येतात, बाकी दिवस ती बरीचशी रिकामी असते, आणि त्यावरून वाद होत राहतात. वाद करणाऱ्यांनी एकदा त्या स्मारकापाशी उभं राहून मग खर्चाचा हिशोब मांडावा.

संसदेपासून चालत जाण्याच्या अंतरावर मानवी हक्कांचं युरोपीय न्यायालय आहे, रिचर्ड रॉजर्स यांनी रचलेलं, दोन दंडगोलांची इमारत. शेहेचाळीस देश त्याचा अधिकार मानतात. मैत्रीण फाटकाशी थांबून म्हणाली, "हे आपल्यासाठी नाहीच की. आपण इथले नागरिक कुठे आहोत?" तसं नाही. त्या शेहेचाळिसांपैकी ज्या देशात आपण राहतो त्याने हक्क तुडवले, तर कोणत्याही देशाचा पासपोर्ट असलेला माणूस इथे येऊ शकतो. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये राहणाऱ्या करमजितसिंग चहल या भारतीय नागरिकाच्या बाजूने या न्यायालयाने निकाल दिला: परत पाठवल्यास छळाचा खरा धोका असेल, तर ब्रिटनला राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊनही त्याला धाडता येणार नाही. युरोपभरचे वकील आजही त्या निकालाचा आधार घेतात. चार वेळा ज्यांचा देश त्यांना न विचारता बदलला, त्यांच्या शहरात नागरिकत्व न विचारणारं न्यायालय बसावं, हे मला फार न्यायाचं वाटलं. आधी त्या देशातल्या न्यायालयांत दाद मागावी लागते आणि अंतिम निकालानंतर चार महिन्यांत अर्ज करावा लागतो. अर्जाला शुल्क नाही, आणि सुरुवातीला वकीलही लागत नाही. तो भरून टपालाने इथे पाठवायचा. मैत्रिणीने हे सगळं मला पुन्हा सांगायला लावलं आणि मोबाइलमध्ये लिहून घेतलं.